पिकअपला हिवाळ्यासाठी ऑल-वेदर टायर घेताय? दुकानात जायच्या आधी एवढं बघून घ्या

दरवर्षी गणपती झाले, सप्टेंबर संपत आला की आमच्या मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर नवीन आलेलं कोणीतरी विचारतंच, "टायर कुठले घेऊ?" आणि मग खाली चाळीस उत्तरं, त्यातली पस्तीस छोट्या गाड्या चालवणाऱ्यांची. पिकअपवाल्याला त्यांचा फारसा उपयोग नसतो, कारण पिकअपचं गणितच वेगळं आहे, मागचा हौदा रिकामा, वजन बरंचसं पुढे इंजिनावर, आणि मागची चाकं बर्फात नुसती गरगरतात. मी कॅनडात कॅलगरीला राहतो, माझ्याकडे फोर्डची सेकंडहँड एफ-१५० पिकअप आहे, आणि टायरच्या बाबतीत करता येतील तेवढ्या चुका माझ्या स्वतःच्या पैशाने करून झाल्यात, म्हणून हे एकदाच नीट लिहून ठेवतोय म्हणजे दरवर्षी परत टाईप करायला नको.

पहिल्या हिवाळ्यात काय झालं ते आधी सांगतो. गाडी घेतली तेव्हा विकणारा म्हणाला टायर नवे कोरे आहेत, आणि खरंच होते, काळेभोर, नक्षी खोल, वर एम+एस, म्हणजे मड अँड स्नो, लिहिलेलं. मला वाटलं स्नो आलंय ना, झालं की काम. नोव्हेंबरमध्ये उणे बारा असताना आमच्याच घराजवळच्या स्टॉप साईनला ब्रेक दाबला, फोर बाय फोर (चारही चाकांना इंजिनाचा जोर) चालू, वेग जेमतेम तीस, आणि गाडी थांबेचना, खालून ब्रेकचं एबीएस टकटक करतंय आणि आपण आपले शांतपणे चाललोय, चौक ओलांडून पलीकडच्या कर्बला जाऊन टेकलो. आडवं कोणी आलं नाही म्हणून वाचलो. फोर बाय फोरमुळे गाडी जागची हलते बरी, पण थांबताना त्याचा काडीचा उपयोग नाही, थांबवतो तो टायर.

पहिलं काम: आपला हिवाळा नक्की कुठला ते ठरवा

इथे दुकानात तीन प्रकार दिसतील, ऑल-सीझन, ऑल-वेदर आणि विंटर. पहिली दोन नावं इतकी सारखी आहेत की नवीन माणसाचा गोंधळ होणारच. ऑल-सीझनमधले सीझन म्हणजे उन्हाळा, पावसाळा आणि पुण्याचा हिवाळा असं धरून चाला. साधारण सात डिग्रीच्या खाली पारा गेला की त्याचं रबर कडक व्हायला लागतं, आपल्याकडे थंडीत खोबरेल तेल बाटलीत थिजतं ना, तसंच काहीसं, आणि कडक झालेलं रबर रस्त्याला धरत नाही, रस्ता कोरडा असला तरी. विंटर टायरचं रबर उणे तीसमध्येही मऊ राहतं, पण तेच उन्हाळ्यात गरम डांबरावर खोडरबरासारखं झिजतं, म्हणून वर्षातून दोनदा बदलायची भानगड. ऑल-वेदर हा मधला, बारा महिने गाडीवर ठेवता येतो आणि बर्फाची परीक्षा पास झालेला असतो. मधला म्हणजे दोन्हीकडे थोडा कमीच, हे मनात पक्कं असू द्या, कारण दुकानात कोणी सांगणार नाही.

मग तो कोणाला चालतो? टोरंटोच्या आसपास किंवा व्हँकुव्हरकडे राहत असाल, रोजचा रस्ता साफ केलेला असेल, फार झालं तर गोळेवाल्याच्या किसलेल्या बर्फासारखा स्लश तुडवायचा असेल, तर ऑल-वेदर मस्त. कॅलगरीतही बऱ्याच जणांना चालतो कारण इथे चिनूक नावाचा गरम वारा सुटला की उणे वीसवरून दोन दिवसांत अधिक आठ होतं, बर्फ वितळून रस्त्यावर पाणी, रात्री परत गोठतं, एकाच आठवड्यात तीन ऋतू, आणि अशा ठिकाणी बारा महिन्यांचा टायर बरा पडतो. पण विनिपेग, सास्काटून, फोर्ट मॅकमरी अशा ठिकाणी असाल, पहाटे पाचला शिफ्टला जायचं असेल, गावाबाहेरचा रस्ता कधी साफ होतो कधी होत नाही, तर मुकाट्याने विंटर टायरचा वेगळा सेट घ्या. दर शनिवारी डोंगरात स्कीइंगला पळणाऱ्यांनाही माझं हेच सांगणं आहे.

कायद्याचंही बघून घ्या, प्रत्येक प्रांताचा वेगळा आहे. क्युबेकमध्ये १ डिसेंबर ते १५ मार्च विंटर टायर सक्तीचे आहेत आणि तिथे डोंगर-बर्फाचं चिन्ह (ते कसं असतं ते खाली सांगतो) असलेला टायरच धरतात, नुसतं एम+एस चालत नाही. ब्रिटिश कोलंबियात बहुतेक हायवेवर १ ऑक्टोबरपासून नियम लागू होतो, डोंगराळ रस्त्यांवर तो ३० एप्रिलपर्यंत असतो, तिथे एम+एससुद्धा चालतं पण नक्षी किमान साडेतीन मिलिमीटर हवी. अल्बर्टात सक्ती नाही, पण बॅन्फ-जॅस्परमधल्या आइसफील्ड्स पार्कवेवर नोव्हेंबर ते मार्च बर्फाचे टायर नाहीतर चेन लागतातच, आणि पाहुणे आले की आपण सगळे पहिलं तिकडेच नेतो. ऑन्टॅरिओत सक्ती नाही, मात्र २०१६ पासून इन्शुरन्स कंपन्यांना विंटर टायरसाठी सवलत द्यावी लागते, तर टायर घ्यायच्या आधीच फोन करून विचारा की ऑल-वेदर त्यात धरता का.

दुसरं: टायरवर डोंगर शोधा

हे अगदी सोपं आहे आणि सगळ्यात महत्त्वाचं पण हेच. टायरच्या साईडवॉलवर तीन शिखरांचा डोंगर आणि त्याच्या आत बर्फाची पाकळी असं छोटंसं चित्र असतं. ते असेल तर टायरची दाबलेल्या बर्फावर खरी टेस्ट झालेली आहे, एका ठरलेल्या साध्या टायरपेक्षा त्याची पकड निदान दहा टक्के तरी जास्त निघाली आहे. १९९९ मध्ये अमेरिका आणि कॅनडातल्या रबर उद्योगाच्या संघटनांनी हे चिन्ह आणलं. आणि एम+एस? ते नक्षीच्या खाचा किती आणि कशा आहेत एवढ्यावरून मिळतं, बर्फावर टेस्ट वगैरे काही नाही. माझ्या त्या नव्या कोऱ्या टायरवर सगळं होतं, डोंगर तेवढा नव्हता.

आता यातली मेख. डोंगराची टेस्ट होते ती बर्फावर वेग घेण्याची. ब्रेक मारल्यावर किती अंतरात थांबतो, वळणावर किती धरतो, आणि मुख्य म्हणजे काचेसारख्या गोठलेल्या पाण्यावर काय करतो, यातलं काहीच त्यात मोजत नाहीत. म्हणजे डोंगर असलेला ऑल-वेदर आणि डोंगर असलेला विंटर टायर एकसारखे नसतात, एक पस्तीस मार्कांनी पास आणि एक डिस्टिंक्शनमध्ये पास असं समजा, चिन्ह दोघांना तेच. दुसरं म्हणजे एकाच मॉडेलच्या एका साईझवर डोंगर असतो आणि दुसऱ्या साईझवर नसतो असंही होतं, म्हणून वेबसाईटवर बघितलं तरी टायर हातात आल्यावर, गाडीला लावायच्या आधी, स्वतः चाकाभोवती फिरून चारही टायरवर बघा. काउंटरवरच्या मुलाला राग येऊ दे.

तिसरं: दाराचं स्टिकर आणि भार, पिकअपवाले इथेच चुकतात

ड्रायव्हरचं दार उघडा, खांबावर पिवळं-पांढरं स्टिकर असेल. त्यावर तीन गोष्टी मिळतात, टायरचा साईझ, हवेचा दाब आणि माणसं धरून एकूण किती किलो टाकता येतं. मोबाईलमध्ये फोटो काढून ठेवा. आत्ता गाडीवर लागलेल्या टायरवरचा साईझ बघून ऑर्डर देऊ नका, सेकंडहँड गाडीत आधीच्या मालकाने हौसेने मोठे टायर टाकलेले असतात आणि ते स्टिअरिंग पूर्ण वळवलं की आत घासतात.

साईझ वाचायचा असा. समजा २७५/६५आर१८ ११६टी आहे. २७५ मिलिमीटर रुंदी, ६५ म्हणजे साईडवॉलची उंची रुंदीच्या ६५ टक्के, १८ इंचाचा रिम. शेवटचं अक्षर वेगाचं, ते हिवाळ्यात सोडून द्या. ११६ हा भाराचा आकडा, त्याचा अर्थ एक टायर १२५० किलो पेलतो. पण समोर पी लिहिलेला, म्हणजे पॅसेंजर गाडीचा टायर पिकअपला लावला तर त्या आकड्याला १.१ ने भागायचं असा नियम आहे, म्हणजे राहिले साधारण ११३६ किलो. माझ्या एफ-१५० सारख्या, इथे अर्ध्या टनाच्या म्हणतात त्या पिकअपला कंपनीतून बरेचदा याच जातीचे टायर येतात आणि तेवढे पुरतातही.

आता त्याच साईझमध्ये समोर एलटी लिहिलेला टायर मिळतो, लाईट ट्रकचा, त्यावर १२३/१२० असे दोन आकडे आणि लोड रेंज, म्हणजे टायरच्या ताकदीचा वर्ग, ई. पहिला आकडा एकेरी चाकाचा, १२३ म्हणजे १५५० किलो, दुसरा मागे दुहेरी चाकं असतील तर. ई म्हणजे पूर्वीच्या भाषेत दहा प्लायचा, दहा थरांचा. ऐकायला दणकट, दुकानदारही म्हणतो "ट्रक आहे ना सर, मग ट्रकचाच टायर घ्या," आणि आपल्याला पण वाटतं जाडजूड घेतला की चिंता मिटली. मी दुसऱ्या वर्षी नेमकं हेच केलं. ते १५५० किलो मिळतात टायरमध्ये ८० पीएसआय (हवेच्या दाबाचं माप) हवा असताना. माझ्या दारावर लिहिलंय ३५. एलटी टायरमध्ये तीच ३५ भरली तर तो साध्या टायरपेक्षाही कमी भार पेलतो, आणि जास्त भरली तर रिकाम्या हौद्याखाली तो टायर दगड होतो, दबत नाही, नक्षीचा मधलाच पट्टा रस्त्याला लागतो, आणि बर्फात मागचं ढुंगण प्रत्येक वळणाला बाहेर. वर टायरचं वजन जास्त म्हणून पेट्रोलही जास्त जातं. जेवढा भार खरोखर वाहता तेवढाच टायर घ्या, मनातल्या मनात वाहता तेवढा नको.

एलटी कोणी घ्यायचा? ज्याच्या दारावरच एलटी लिहिलंय त्याने डोळे मिटून, पाऊण टनाच्या आणि एक टनाच्या गाड्यांना तोच लागतो आणि तिथे हलका टायर टाकणं धोक्याचं. शिवाय जो महिन्यातून चार वेळा फरशी, लाकूड, सिमेंट भरून नेतो किंवा मोठा ट्रेलर ओढतो त्याने. ट्रेलरच्या वजनाचा दहा ते पंधरा टक्के भार हुकवर येतो आणि तो हौद्यातल्या मालातच धरायचा, हे विसरू नका. मध्ये सी नावाची लोड रेंज पण असते, ५० पीएसआयची, बऱ्याच साईझमध्ये मिळते आणि कधीतरी माल नेणाऱ्यासाठी मला तीच जास्त बरी वाटते. एलटी लावलात तर दुकानातून तुमच्या गाडीच्या वजनाला किती हवा पाहिजे ते लोडच्या तक्त्यावरून काढून घ्या, दारावरचा आकडा त्याला लागू नाही.

चौथं: नक्षी

पिकअपच्या साईझमध्ये डोंगरवाल्या टायरची दोन घराणी आहेत. एक रस्त्याचं, जसे मिशेलिनचा क्रॉसक्लायमेट २, नोकियनचा रेमेडी, टोयोचा सेल्सियस, यांच्या नक्षीवर ब्लेडने मारल्यासारख्या असंख्य बारीक चिरा असतात. दुसरं घराणं ऑल-टेरेनचं, म्हणजे कच्च्या रस्त्यावरही चालणारं, टोयोचा ओपन कंट्री ए/टी ३, फाल्कनचा वाईल्डपीक, बीएफगुडरिचचा केओ२, मोठे मोठे ठोकळे, दिसायला जबरदस्त. नोकियनचा आउटपोस्ट एपीटी साधारण दोघांच्या मध्ये बसतो. प्रत्येक साईझमध्ये प्रत्येक मॉडेल मिळेलच असं नाही, त्यामुळे पहिली निवड तुमचा रिमच करून टाकतो.

ठोकळे आणि चिरा यांचं काम वेगळं आहे. ताज्या खोल बर्फात मोठ्या खाचांमध्ये बर्फ दाबून भरतो आणि बर्फाला बर्फ चांगला धरतो, थंडीत मुलं बर्फाचा गोळा वळतात तेच तत्त्व, तिथे ऑल-टेरेन मजेत चालतो. पण सिग्नलपाशी गाड्यांनी घासून घासून गुळगुळीत केलेल्या बर्फावर, शून्याच्या आसपास वर पाण्याची पातळ फिल्म आलेली असते तेव्हा, कामाला येतात त्या चिरा. आणि आपण शहरात रोज भेटतो ते या दुसऱ्या प्रकाराला. शेवाळलेल्या पायरीवर ट्रेकिंगचा जाड बूट घालून बघा, नक्षी कितीही खोल असो, घसरायचं ते घसरतोच. म्हणून ऑफिस, किराणा, मुलांचं हॉकी एवढंच असेल तर रस्त्याच्या घराण्यातला घ्या, आणि बांधकामाच्या साईटवर, शेतातल्या कच्च्या रस्त्यावर वर्षभर जाणं असेल तर दुसरा. दिसायला भारी म्हणून घेणाऱ्यांना मी काही बोलत नाही, मी पण घेतले होते.

जाता जाता, जगातला पहिला विंटर टायर १९३४ मध्ये फिनलंडमध्ये नोकियननेच केला, आणि तो कारसाठी नव्हता, ट्रकसाठी होता. मालवाहू गाड्यांना बर्फात माल पोचवायचा होता, कारवाल्यांचा नंबर दोन वर्षांनी लागला.

पाचवं: दुकानात

चारही एकदम बदला. "मागचे दोनच घेऊ, ढकलतात तेच" हा हिशोब मी पण केला होता, पण पुढचे धरणारे नसतील तर वळताना आणि थांबताना तेच दगा देतात, शिवाय फोर बाय फोरमध्ये पुढची मागची चाकं कमीजास्त झिजलेली असली की ट्रान्सफर केसवर (पुढच्या-मागच्या चाकांना जोर वाटून देणाऱ्या पेटीवर) ताण येतो आणि तो खर्च टायरच्या कितीतरी पट.

साईडवॉलवर डॉट म्हणून एक लांबलचक कोड असतो, त्याचे शेवटचे चार आकडे बघा. ३५२४ असेल तर २०२४ च्या पस्तिसाव्या आठवड्यात बनलेला. सेलमध्ये चार वर्षं गोडाऊनमध्ये पडलेला टायर नव्याच्या भावात घेऊ नका. भाव विचारताना एका टायरची किंमत विचारू नका, चार टायर, बसवणं, बॅलन्सिंग, व्हॉल्व्ह, जुन्या टायरची विल्हेवाट, पर्यावरण फी आणि टॅक्स धरून दारातून बाहेर पडताना किती, असं विचारा. आणि हे सगळं ऑक्टोबरच्या मध्याआधी उरका. पहिला बर्फ पडला की त्याच दिवशी सगळ्या गावाला टायर आठवतात, दोन-तीन आठवडे अपॉइंटमेंट मिळत नाही आणि तुमचा साईझ नेमका संपलेला असतो.

सेकंडहँड गाडीवर आधीच डोंगरवाले टायर असतील तर नाणं काढा. टूनी, म्हणजे दोन डॉलरचं, अस्वलाचं डोकं वरच्या बाजूला ठेवून पाय खाली करून नक्षीत उभं घाला. अस्वलाचे पंजे झाकले गेले तर टायर जवळजवळ नवा, चंदेरी कडेपर्यंतच गेलं तर निम्मा संपला, नुसत्या अक्षरांपर्यंत गेलं तर गोटा व्हायच्या वाटेवर आहे, बदला. ट्रान्सपोर्ट कॅनडा सांगतं की चार मिलिमीटरच्या आसपास आलेला टायर बर्फाच्या रस्त्यावर वापरू नये. ऑल-वेदरच्या बाबतीत हे जास्त सांभाळा, कारण तो उन्हाळ्यात पण झिजत असतो, तिसऱ्या-चौथ्या हिवाळ्यात साईडवॉलवर डोंगर तसाच दिसतो पण नक्षीतला दम गेलेला असतो.

टायर बसल्यावर

हवा आपण स्वतः बघायची सवय लावा, सकाळी, गाडी हलवायच्या आधी. पारा साधारण साडेपाच डिग्री उतरला की एक पीएसआय कमी होतो. म्हणजे दुकानातल्या वीस डिग्रीत ३५ भरून दिली आणि बाहेर उणे वीस असेल तर सात गेले, राहिले अठ्ठावीस. दरवर्षी पहिल्या कडक थंडीत डॅशबोर्डवर पिवळा दिवा लागला की ग्रुपवर "पंक्चर झालंय का" विचारतात, पंक्चर नसतं, थंडी असते. हवा भरा. दिवा नाही लागला म्हणजे सगळं बरोबर आहे असंही नाही, कारण तो साधारण पंचवीस टक्के हवा कमी झाल्याशिवाय पेटत नाही.

हौद्यात थोडं वजन ठेवा. इथे हार्डवेअरच्या दुकानात ट्यूब सँड म्हणून वाळूच्या लांब पिशव्या मिळतात, साधारण सत्तावीस किलोची एक, अशा चार-पाच मागच्या ॲक्सलच्या वर किंवा किंचित पुढे ठेवायच्या आणि पट्ट्याने आवळून बांधायच्या. अगदी मागे, फाळक्याला टेकवून ठेवल्या तर पुढचा भाग उचलला जातो आणि स्टिअरिंग हलकं पडतं. मोकळे दगड, डंबेल असलं काही टाकू नका, जोरात ब्रेक दाबला की ते पुढे येतं. गाडी कुठे रुतलीच तर तीच पिशवी फोडून चाकाखाली वाळू टाकता येते.

फोर बाय फोरचं बटण बर्फावरच वापरा, ऑटो असेल तर ऑटोवर राहू द्या, पण कोरड्या रस्त्यावर फोर-हाय, म्हणजे फोर बाय फोर कायम चालू, लावून फिरलात तर वळताना गाडी अडखळते, नव्या टायरची नक्षी घासते.

पहिला बर्फ पडला की रविवारी सकाळी लवकर एखाद्या रिकाम्या पार्किंगमध्ये जा, वीसच्या वेगाने जाऊन ब्रेक पूर्ण दाबा, मग तीसने दाबा, कुठे थांबली ते उतरून पावलांनी मोजा. नंतर हौद्यात वाळू टाकून परत. शेजारी कोणी बघत असेल तर बघू दे.

टायर दर आठ-दहा हजार किलोमीटरला पुढचे मागे, मागचे पुढे करून घ्या. क्रॉसक्लायमेटसारख्या बाणाच्या नक्षीचे टायर डावे-उजवे बदलायचे नसतात, फक्त त्याच बाजूला पुढे-मागे. आणि टायर बसवून आणल्यावर ऐंशी-शंभर किलोमीटर झाले की नट परत आवळून घ्यायचे, टॉर्कच्या पान्याने, म्हणजे ठरलेल्याच जोराने आवळणाऱ्या, गाडीच्या पुस्तकात आकडा असतो, माझ्या गाडीला १५० फूट-पाउंड आहे. बहुतेक दुकानं हे फुकट करून देतात, पण आपण जातच नाही. दुकानातून निघतानाच ओडोमीटरचा फोटो काढून मोबाईलमध्ये रिमाइंडर टाकून ठेवा.